काराकाल्लाची रात्र आणि वडगावचा माग

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या गल्लीत तेव्हा भल्या पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत मागांचा खटखटाट चालत असे आणि आम्हां सगळ्यांच्या कानांना तो इतका सवयीचा झालेला होता, की करंट गेल्यावर पडणारी शांतताच आम्हांला दचकवत असे. 1991 च्या चतुर्थीला गोव्यात नोकरी करणारा माझा मावसभाऊ घरी आला, तेव्हा म्हापशाहून त्याने माझ्यासाठी एक कॅसेट आणली होती. सणाचे पाहुणे परतल्यानंतरच्या एका संध्याकाळी करंट गेला, गल्लीतले सगळे माग एकदम थांबले आणि मी सेलवर चालणाऱ्या आमच्या टेपरेकॉर्डरमध्ये ती कॅसेट घातली. काका मागापाशी बसूनच धोट्यात नवी कांडी भरत होते. त्यांचे कान नाट्यसंगीतावर पोसलेले होते, आणि इटालियन भाषेचा एकही शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला नव्हता.

ती कॅसेट होती 7 जुलै 1990 च्या रात्री रोममध्ये झालेल्या मैफिलीची. लुचानो पावारोत्ती, प्लासिदो डोमिंगो आणि होसे कारेरास हे तीन टेनर, म्हणजे ऑपेरा या पाश्चात्त्य संगीत नाटकातल्या पुरुषगायकांमधले उंच पट्टीचे गायक, त्या रात्री पहिल्यांदाच एकत्र गायले. जागा होती काराकाल्ला सम्राटाच्या काळातल्या, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या भव्य स्नानगृहांच्या अवशेषांची, जिथे रोमच्या ऑपेरा संस्थेचा उन्हाळी हंगाम उघड्या आभाळाखाली होत असे. रोम आणि फ्लोरेन्स इथले दोन वाद्यवृंद एकत्र आणलेले होते आणि त्यांचे संचालन करत होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता.

दुसऱ्या दिवशी त्याच शहरात फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. तो सामना आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर दूरदर्शनवर पाहिला होता. आपल्याकडच्या रात्री साडेअकराला सुरू झालेला तो सामना पश्चिम जर्मनीने शेवटच्या पाच-सहा मिनिटांत मिळालेल्या पेनल्टीवर जिंकला. त्याच गावात आदल्या रात्री काय घडून गेले होते, याचा आम्हांला पत्ताही नव्हता. खेळासाठी जगभरातून जमलेल्या लोकांचे लक्ष या मैफिलीकडे वळले, हे तिच्या लोकप्रियतेचे एक कारण निश्चितच आहे. मात्र केवळ फुटबॉलच्या आधाराने एखादे ध्वनिमुद्रण शास्त्रीय संगीताच्या इतिहासातले सर्वाधिक खपाचे ध्वनिमुद्रण ठरते, हे मला पटत नाही.

त्या संध्याकाळी पहिला आवाज आला तो कारेरास यांचा. चिलेआ या संगीतकाराच्या ऑपेरातले एका प्रेमभग्न तरुणाचे विलापगीत त्यांनी निवडले होते. 1987 मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता आणि ते वाचतील की नाही, याचीच शंका होती. बार्सिलोना आणि सिएटल इथल्या दीर्घ उपचारांनंतर ते बरे झाले, 1988 मध्ये त्यांनी या रोगाच्या संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापन केले आणि रोमची मैफील त्या कार्याशीही जोडलेली होती. डोमिंगो आणि पावारोत्ती यांच्यात वर्षानुवर्षे चुरस होती, ती सर्वांना ठाऊकही होती. ते दोघे एका मंचावर आले ते या तिसऱ्या सोबत्याच्या पुनरागमनाच्या आनंदात. हे मला त्या वेळी कळलेले नव्हते. पण टाळ्यांच्या स्वागतात काहीतरी वेगळे आहे, एवढे आम्हां दोघांनाही जाणवले. काकांनी हातातली कांडी खाली ठेवली आणि म्हणाले, “काय म्हणायलाय ते कळंना, खरं गळा बघ की त्याचा.”

पुढे पावारोत्तींचे ‘नेस्सुन दोर्मा’ आले. पुच्चिनी यांच्या ‘तुरांदोत’ या ऑपेरातले हे गीत. पुच्चिनी 1924 मध्ये वारले तेव्हा हा ऑपेरा अपुरा होता. दुसऱ्या संगीतकाराने तो पूर्ण केला आणि 1926 मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. अनोळखी राजपुत्राचे नाव शोधून काढण्यासाठी राजकन्येने साऱ्या नगरीला रात्रभर जागे राहायला लावले आहे आणि तो राजपुत्र मात्र पहाट आपलीच आहे, या खात्रीने गातो आहे. शेवटचा शब्द ‘विन्चेरो’, म्हणजे ‘मी जिंकेन’. त्यातल्या ‘चे’ या अक्षरावर स्वर सर्वांत उंच जातो. पुच्चिनींच्या स्वरलिपीत तो स्वर क्षणभराचाच आहे. तिथे थांबून तो पेलून धरायचा, ही गायकांनी पाडलेली रीत आहे. आपल्याकडे लिहिलेले पद आणि गायकाने रंगवलेले पद यांत जसे अंतर असते, तसेच हे. त्या विश्वचषकाच्या वेळी ब्रिटनमध्ये बीबीसीने याच गीताचे पावारोत्तींचे 1972 मधले ध्वनिमुद्रण आपल्या कार्यक्रमांसाठी वापरले आणि ते तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन पोचले. त्या जुन्या ध्वनिमुद्रणाचे संचालकही झुबिन मेहताच होते. स्टुडिओतले ते गायन अधिक निर्दोष असेल. काराकाल्लाच्या मुद्रणात मात्र शेवटचा स्वर विरण्याआधीच श्रोत्यांचा गजर उसळतो, आणि मला तो गजर गाण्याचाच भाग वाटतो.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 1880 मध्ये पुण्यात त्यांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ‘वन्स मोअर’ हा मराठी प्रेक्षकाचा हक्कच होऊन बसला. इटलीतले प्रेक्षक त्यासाठी ‘बिस’ असे ओरडतात. ‘तुरांदोत’चा पहिला प्रयोग ज्यांनी संचालित केला, त्या तोस्कानिनींना ही प्रथा मुळीच मान्य नव्हती, कारण तिने नाटकाचा ओघ तुटतो. आपल्याकडच्या नाटकवाल्यांतही हा वाद कमी झालेला नाही. नाटकाच्या दृष्टीने तोस्कानिनींचे म्हणणे रास्तच आहे, पण मैफिलीला तो नियम लावण्याचे कारण नाही.

मैफील संपल्यावर ‘वन्स मोअर’साठी तिघेही पुन्हा आले आणि त्यांनी ‘ओ सोले मियो’ हे नेपल्सचे जुने गाणे गायले. या ध्वनिमुद्रणातला माझा सर्वांत आवडता क्षण इथे आहे. पावारोत्ती शेवटाकडे एका स्वराला लांबवर खेळवत, कंप देत नेतात. श्रोते हसतात, टाळ्या वाजवतात. मग पुढच्या फेरीत तीच जागा येते तेव्हा डोमिंगो आणि कारेरास दोघे मिळून नेमकी तीच करामत, तितकीच लांबवून, त्यांना परत करतात. जुगलबंदीत एकाने घेतलेली हरकत दुसऱ्याने हसत परत करावी, तसे ते आहे. कित्येक वर्षांनी त्याचे चित्रीकरण पाहिले आणि तिघांच्या चेहऱ्यांवरचा आनंद दिसला, तेव्हा कानांनी जे आधी ओळखले होते, तेच डोळ्यांना दिसले.

या मैफिलीने ऑपेराचे लचके तोडून लोकांपुढे टाकले, असा आक्षेप जाणकारांनी घेतला. कथा नाही, पात्रे नाहीत, वेशभूषा नाही, वर ध्वनिक्षेपक. ऑपेरातला गायक तर यंत्राच्या मदतीशिवाय साऱ्या वाद्यवृंदावरून आपला आवाज पोचवतो. यातले तपशील खरे आहेत, पण निष्कर्ष मला मान्य नाही. नाट्यपदे नाटकातून बाहेर पडून मैफिलीत आली, म्हणून नाटक उणावले नाही. उलट ज्यांच्या गावात नाटक कधी पोचलेच नसते, त्यांच्या ओठी ती पदे बसली. संगीतकार लालो शिफ्रिन यांनी या मैफिलीसाठी अनेक देशांतल्या लोकप्रिय गाण्यांची जी मालिका गुंफली होती, ती मलाही थोडी सैल वाटते. पुढे 1994 मध्ये लॉस एंजेलिसला आणि नंतर आणखी काही शहरांत हे तिघे विश्वचषकाच्या निमित्ताने पुन्हा गायले, त्या मैफिली मी आवर्जून ऐकल्या. पण त्यांत सगळे ठरलेले वाटते. रोमच्या रात्री पुढे काय होणार, हे गायकांनाही पुरते ठाऊक नव्हते, आणि टेपवर नेमके तेच उतरले आहे. इटालियन न जाणणाऱ्या कोट्यवधी लोकांना तेच भिडले असावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

‘ओ सोले मियो’ संपल्यावर काकांनी मला कॅसेट मागे घ्यायला लावली. ती जागा आम्ही तीनदा ऐकली. मग ते ‘संयुक्त मानापमान’बद्दल बोलू लागले. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे मालक, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. ‘मानापमान’ नाटकात बालगंधर्व नायिका भामिनी, केशवराव नायक धैर्यधर. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले. त्या रात्रीची वर्णने काकांनी त्यांच्या वडिलांकडून इतक्या वेळा ऐकली होती, की आपणच तिथे हजर होतो, अशा थाटात ते सांगत.

“त्येची टेप न्हाई रे,” ते म्हणाले. “दोघांच्या वेगवेगळ्या तबकड्या हाईत, खरं त्या रातची न्हाई.”

तेवढ्यात करंट आला. शेजारच्या घरांतले माग एकामागून एक सुरू झाले आणि टेपवरचे तिघांचे शेवटचे ‘नेस्सुन दोर्मा’ त्या खटखटाटात बुडू लागले. काकांनी टेपरेकॉर्डर उचलून मांडीवर घेतला, कान त्याला लावला, आणि कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत आपला माग चालू केला नाही.