आईचा नमस्कार आणि कढईतला कीस

आईच्या यूट्यूब चॅनलला दीड वर्ष होत आलं. चॅनलचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात केल्यासारखं होईल. आमचं घर इंदूरला राजेंद्रनगरात, आणि चॅनलवर इथल्या मराठी घरांत जे होतं ते सगळं, म्हणजे भुट्ट्याचा कीस (मक्याची कणसं किसून दुधात शिजवतात तो), गराडू (तळून खायचा कंद), जीरावन हा इंदुरी मसाला घातलेली साबुदाण्याची खिचडी. स्वयंपाक आई करते, मोबाइल मी धरतो, एडिटिंग मी करतो आणि बोलणी पण मीच खातो.

तर पावसाळ्यात किसाचा व्हिडिओ टाकला. अकरा मिनिटांचा. आणि लोक सरासरी दोन मिनिटं बघून पळत होते. मी यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनलचे आकडे दिसतात त्या पानावर जाऊन रिटेन्शनचा ग्राफ उघडला (कोणत्या सेकंदाला किती लोक अजून बघतायत ते त्यात दिसतं, पहिल्या तीस सेकंदांनंतर किती उरले ते तर वेगळं लिहूनच येतं) तर ती रेघ आमच्या इंदूरच्या राजवाड्याच्या सातव्या मजल्यावरून उडी मारल्यासारखी सरळ खाली. मग तोच भाग पुन्हा लावून बघितला. आईचा नमस्कार, इंदूरला पाऊस कसा झालाय, ताईच्या पिंट्याची परीक्षा, चॅनल सबस्क्राइब करा, घंटी दाबा, एक मिनिट होत आलं तरी कीस सोडा, साधं कणीस पण फ्रेममध्ये नाही!

आईला दाखवलं तर ती चिडली. "अरे, घरी कोणी आलं तर आधी पाणी विचारतो ना आपण, का दारातच ताट वाढतो?" यावर मला काही सुचेना, पण बाबा पेपरामागून बोलले, "अगं तो बसायला नाही आलेला, तो कढई गॅसवर ठेवून आलाय." आणि मग नेहमीप्रमाणे कीर्तनावर गेले, की बुवांचा पूर्वरंग लांबला की मागच्या बायका वाती वळायला घेतात, आख्यान सुरू झालं की हात थांबतात. एरवी मी बाबांचं कीर्तन अर्ध्यावर सोडून उठतो, या वेळी नाही उठलो.

पुढच्या व्हिडिओपासून सुरुवात बदलली. पहिलंच दृश्य कढईचं, हिंग-मोहरीची फोडणी तडतडतेय आणि आई म्हणतेय, "दूध कधी घालायचं ते चुकलं की याचा गिचका होतो, ते आज दाखवते." नमस्कार नंतर, किसता किसता. रेघ अजूनही उतरते, ती सगळ्यांचीच उतरते, पण आता जिना उतरल्यासारखी.

खरी गंमत पुढे आहे. त्याच जुन्या ग्राफमध्ये चार मिनिटांच्या पुढे एक उंचवटा होता, रेघ अचानक वर. मी खूश, म्हटलं लोकांना आवडलंय काहीतरी, बहुतेक माझा क्लोजअप. दोन दिवसांनी एका काकूंची कॉमेंट आली की दूध घालताना ताईंचा हात आडवा आला, किती घातलं तेच दिसलं नाही, चार वेळा मागे नेऊन बघितलं. म्हणजे तो उंचवटा कौतुकाचा नव्हताच, लोक वैतागून मागे जात होते! आईला विचारलं किती घातलंस, तर म्हणे "अंदाजाने". शेवटी वाटी मोजून घेतली, पाच देशी कणसांना पाऊण वाटी, आणि आता आकडा स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिहितो. (स्वीट कॉर्नचा करू नका हो, पाणी सुटतं आणि गोडमिट्ट होतो, यावर माझ्याशी वाद घालू नका.)

दुसरी खोच शेवटाकडे. आई "तर मंडळी, अशा प्रकारे" म्हणाली रे म्हणाली की निम्मे गायब. कळतं ना लोकांना, आता उठायला हरकत नाही. ते वाक्यच कापलं. शेवटच्या पाच ते वीस सेकंदांत पुढच्या व्हिडिओचं कार्ड लावता येतं, ते मी आता आई ताटलीत वाढत असतानाच आणतो.

एवढा आटापिटा कशाला, तर हिशोबासाठी. 2012 मध्ये यूट्यूबने नुसत्या व्ह्यूजपेक्षा किती वेळ बघितलं याला जास्त वजन द्यायला सुरुवात केली, कारण लोक भलताच थंबनेल (व्हिडिओ उघडायच्या आधी दिसतं ते चित्र) लावून क्लिक खेचत होते. आणि जाहिरातीचे पैसे हवे तर 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात लोकांनी बघितलेले 4000 तास लागतात, शॉर्ट्सच्या, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंच्या फीडमधला वेळ त्यात धरत नाहीत. 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. माणूस दोन मिनिटं थांबला तर 1,20,000 व्ह्यूज लागतील, चार मिनिटं थांबला तर निम्मे. आमचे अजून अर्धे पण झालेले नाहीत, असो.

एडिटिंग शिकवणारे एक भाई भेटले होते, त्यांचा सल्ला असा की व्हिडिओ ताणून आठ मिनिटांच्या वर न्यायचाच, म्हणजे मधे जाहिरात घालता येते, आणि सुरुवातीला म्हणायचं "शेवटपर्यंत बघा, शेवटी सिक्रेट टीप आहे". आठ मिनिटांचं खरं आहे, पण चार मिनिटांच्या किसात पाणी घालून आठ मिनिटं केली तर तोच गिचका. आणि सिक्रेट टीप काय, तर वरून लिंबू पिळा. एकदा करून बघितलं मी, लोकांनी सरळ बोटाने शेवटाला उडी मारली, मधलं सगळं ओसाड.

एक खड्डा मात्र ग्राफमध्ये तसाच ठेवलाय. आई आजीच्या पितळी किसणीबद्दल सांगते, वीसेक सेकंद, तिथे दर वेळी थोडे लोक जातात. जाऊ देत.

या रविवारी गराडूचं शूटिंग आहे. आई आत्ताच विचारून गेली, नमस्कार तरी म्हणू ना रे? म्हटलं म्हण, पण तळता तळता.