मे महिन्यात उसगाळीमळ: ऊन डोक्यावर, ढग पाठीमागे

मे अखेरीस मामांना घेऊन दक्षिण गोव्यातल्या उसगाळीमळची कातळशिल्पं बघून आलो. या उकाड्यात कशाला मरायला जाताय असं घरचे म्हणत होते, पण पावसाळ्यात कुशावती नदी चढली की ती चित्रं पाण्याखाली जातात, त्यामुळे जायचं तर ऊन सोसायचंच. बैल, हरणं आणि तो गोल गोल चक्रव्यूह, सगळं आडव्या जांभ्यावर कोरलेलं, हजारो वर्षांपूर्वीचं. बघाच एकदा.

पण निघा सकाळी. मडगावहून केपें, तिळामळ, रिवण असं करत आठच्या आत पोचलात तर उत्तम, कारण दहानंतर तो कातळ खालून भाजतो आणि वर सावलीचं नाव नाही. मोबाईलवर ३४ डिग्री बघून नागपूरवाले हसतात आपल्याला, पण हवा एवढी दमट असते की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होणार कसं, म्हणून ३४ चे चाळिशीच्या वर वाटतात. मामांना परत येताना गरगरायला लागलं, पायात गोळे आले, वर "काय नाय रे, चल तू" चालूच. झाडाखाली आडवं केलं, शर्ट ओला केला, पुठ्ठ्याने वारा घातला, एक लिटर पाण्यात एक पाकीट असं कालवलेलं ओआरएस घोट घोट दिलं, अर्ध्या तासात माणूस बोलायला लागला (म्हणजे तक्रार करायला). ते गोड ज्युसचे टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे हां. आणि माणूस असंबद्ध बडबडायला लागला किंवा शुद्ध हरपली तर तोंडात पाणी ओतू नका, १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, बर्फ असेल तर मानेला, काखेत. हुर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन असतो ते मान्य, पण ती संध्याकाळी घरी बसून.

आता पाऊस. जून-जुलैचा पाऊस समुद्राकडून येतो, वळवाचा मात्र बहुतेक वेळा घाटावर ढग चढून दुपारनंतर इकडे सरकतो. म्हणून पूर्वेकडे बघायची सवय लावा. आधी गार वाऱ्याचा झोत येतो, सगळे आहाहा करतात, तीच निघायची वेळ. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, मोकळ्या कातळावर आणि नदीकाठी तेव्हा थांबायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं, पण तिथे आमची रेंज मधेमधे जात होती, तेव्हा कान-डोळे उघडे ठेवा. आम्ही काचा वर करून कारमध्ये बसलो, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास. स्कूटरवाल्यांना ही सोय नाही, त्यांनी पक्क्या घरात आसरा मागावा, माडाखाली किंवा एकट्या झाडाखाली अजिबात नको. आणि पहिल्या सरीत रस्ता तेलकट होतो, वाकणांवर गाडी सावकाश, खाली पडलेल्या तारेपासून लांब.

कोलवा-बाणावलीच्या किनाऱ्यावर लोळणाऱ्यांनाही हेच लागू, त्यांची तर घाटाकडे पाठच असते. गडगडलं की पाण्याबाहेर, आणि माडाच्या झावळ्यांचा शॅक आडोसा म्हणून चालत नाही, पार्किंगमधली कार गाठा.