पहाटे साडेचारचा गजर

आमच्या सोसायटीतले एक काका दर मार्चमध्ये मला लिफ्टमध्ये गाठतात. "काल पुन्हा पहाटे दिवा चालू होता तुमच्याकडे. मॅच का?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण खेळणारी कॉलेजचीच पोरं ना? आणि तुमचं कॉलेज सुटून वीस वर्षं झाली की!" ऑफिसातही हेच विचारतात. सासरे नुसतं "अजून?" म्हणतात. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबते, त्यामुळे उत्तर आजवर कधी पुरं झालेलं नाही. काका, तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर.

कॉलेज म्हणजे मॅडिसनचं युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन. 2004 ते 2006 मी तिथे एमएस केलं. मार्च लागला की अमेरिकेत कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू होतात: पुरुषांच्या बास्केटबॉलला 68 संघ, हॉकीला 16. हॉकी म्हणजे आपली ध्यानचंदांची नव्हे, बर्फावरची. सगळं बाद पद्धतीचं. एक मॅच हरलात की बॅगा भरा. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सातातल्या चार जिंकायच्या असतात, म्हणजे चुकायला जागा असते. इथे ती नाही, आणि समोर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा उभा.

पुण्यातल्या माणसाला हे समजावायला मला एकच उपाय सापडलाय: पुरुषोत्तम करंडक. भरत नाट्य मंदिरात "अरे, आवाज कुणाचा?" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडणारी पोरं, आणि मागच्या रांगांत नोकरीला लागलेले, पोट सुटलेले माजी विद्यार्थी. स्टेजवरच्या एकाचंही नाव त्यांना ठाऊक नसतं, तरी प्रयोग रंगला नाही की चेहरे पडतात. त्यांना कुणी विचारतं का, तुमचं कॉलेज कधी सुटलं म्हणून?

पण माझं प्रकरण थोडं वेगळं आहे. मी मॅडिसनला आधी प्रेक्षक नव्हतोच. मजूर होतो.

तिथे कोल सेंटर नावाचं भलंमोठं स्टेडियम आहे, सतरा हजारांवर माणूस बसतो. बास्केटबॉल तिथेच, हॉकीही तिथेच. शुक्रवारी रात्री हॉकी आणि शनिवारी बास्केटबॉल असेल, तर बर्फ वितळवत नाहीत. त्याच्यावर थंडी अडवणारे जाड पत्रे अंथरतात आणि त्यावर मेपलच्या लाकडाचं मैदान तुकड्या-तुकड्यांनी जोडतात. हे काम रात्री चालतं आणि ते करणाऱ्यांत विद्यार्थी असतात. आम्हाला कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करायची मुभा होती. लायब्ररीतली नोकरी मिळाली नाही, ही मिळाली.

प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर नंबर. दोघांनी धरायचा, बसवायचा, खाच जुळली की खटका लावायचा. खालून गार वाफ पायात शिरते. मी पुण्याहून नेलेले लोकरीचे मोजे दोन-दोन घालायचो. एकदा मी दोन तुकड्यांची अदलाबदल केली. मैदानाच्या मधोमध लाल डब्ल्यू असतो, त्याचा एक पाय भलतीकडेच फुटला. पहाटे तीन वाजता तो भाग उचकटून पुन्हा बसवावा लागला. कुणी ओरडलं नाही, पण महिनाभर मला सगळे 'डबल यू' म्हणत होते.

त्या शनिवारी पहिल्यांदा तिकीट काढून मॅच बघायला बसलो. खेळाचे नियम निम्मेच कळत होते. माझं सगळं लक्ष डब्ल्यूवर.

हॉकीची गोडी त्यानंतर लागली. आपल्या संघाने गोल केला की प्रेक्षक समोरच्या गोलकीपरकडे बोट दाखवून "सिव्ह! सिव्ह!" ओरडतात. सिव्ह म्हणजे चाळण. आम्ही तिघे मराठी एका रांगेत बसायचो आणि सरळ "चाळण! चाळण!" म्हणायचो. समोरच्या आजीबाईंनी अर्थ विचारून घेतला आणि पुढच्या मॅचपासून त्यासुद्धा 'चालान' म्हणू लागल्या.

2006 साली बास्केटबॉलवाले पहिल्याच फेरीत ॲरिझोनाकडून आपटले. हॉकीत मात्र मुलींनी मिनेसोटाला 3-0 हरवून पहिलं विजेतेपद आणलं. त्यांचे कोच मार्क जॉन्सन. 1980 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघाला 4-3 हरवलं, त्यातले दोन गोल यांचे. मुलांनी कॉर्नेलला तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये 1-0 हरवलं आणि अंतिम सामन्यात बॉस्टन कॉलेजला 2-1. शेवटच्या क्षणी ती काळी रबरी चकती आमच्या गोलच्या खांबाला लागून परत आली. तो 'टण्ण' मला अजून ऐकू येतो. एकाच वर्षी मुलं आणि मुली दोघांनीही हॉकीचं विजेतेपद मिळवणारं पहिलं विद्यापीठ आमचंच. त्याच उन्हाळ्यात मी परत आलो.

तेव्हापासून गजर. मार्चमध्ये त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. त्यांची शुक्रवार संध्याकाळ सहाची मॅच म्हणजे आपली शनिवारची पहाट, साडेचार. 2014 ला बास्केटबॉलमध्ये केंटकीने उपांत्य फेरीत आम्हाला एका गुणाने हरवलं, 74-73. पुढच्या वर्षी तोच केंटकी सलग 38 मॅच जिंकून समोर आला आणि आम्ही त्यांना 71-64 ने घरी पाठवलं. रविवारची सकाळ होती. माझी आरोळी ऐकून आई देवघरातून धावत आली, "कोण गेलं?" मंगळवारी अंतिम सामन्यात नऊ गुणांची आघाडी घालवून ड्यूककडून हरलो आणि साडेनऊच्या मीटिंगला जाऊन बसलो. मीटिंग कशाची होती, विचारू नका.

गेल्या काही वर्षांत मुलींची हॉकी मला जास्त ओढते. 2025 चा अंतिम सामना, ओहायो स्टेटविरुद्ध. आम्ही 3-2 मागे, उरले 18.9 सेकंद, आणि पेनल्टी शॉट. कर्स्टन सिम्स एकटी चकती घेऊन निघाली. इथे घरात सगळे झोपलेले, म्हणून मी तोंडात उशी कोंबून बघत होतो. तिने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममधला गोलही तिचाच.

कोण कुणाशी खेळणार याचे यंदाचे तक्ते अजून लागायचेत. लाल टी-शर्ट धुऊन ठेवलाय. लेकीने नुसत्या चिन्हांवरच्या प्राण्यांवरून आपले विजेते ठरवून टाकलेत. आमच्या चिन्हावरचा बॅजर, म्हणजे बिळात राहणारा एक प्राणी, तिला 'चिडलेली खार' वाटतो, त्यामुळे तिच्या हिशेबाने आम्ही दुसऱ्या फेरीत बाद.

तेव्हा काका, वेळा कळल्या की सांगतो. या एखाद्या पहाटे, चहा मी टाकेन. फक्त बेल वाजवू नका, दार उघडंच ठेवतो.