पिकअप बदलण्याआधी दुकानांत केलेली पारख

माझ्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचे (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर ऊर्फ स्ट्रॅटच्या धाटणीची) पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारे चुंबक आणि कॉइलीचे भाग, बदलायचे हे पक्के होते, पण कोणते बसवायचे याचा निर्णय चित्रफिती पाहून घ्यायची माझी तयारी नव्हती. चित्रफितीत पिकअपइतकाच वाजवणाऱ्याचा अँप, त्याचा मायक्रोफोन आणि ऐकणाऱ्याचा हेडफोनही बोलत असतो. सुटा पिकअप वाजवून दाखवणारे दुकान मला ठाऊक नाही. त्यामुळे निरनिराळ्या जातींचे पिकअप कारखान्यातूनच बसवून आलेल्या गिटारी दुकानांत जाऊन वाजवायच्या आणि त्यांवरून अंदाज बांधायचा, हाच मार्ग उरला होता.

मुंबईत त्यासाठी धोबी तलावाचे फुर्टाडोज आणि वांद्र्याचे भार्गवाज ही वाद्यांची दोन दुकाने सोयीची वाटली. शनिवार-रविवार टाळून दुपारच्या वेळी गेलो, कारण शेजारी कोणी ड्रम वाजवून पाहत असेल तर बारीक फरक कानांत शिरतच नाहीत. स्वतःची गिटार आणि स्वतःची वायर सोबत नेली व आत शिरतानाच तशी कल्पना दिली. वायर नेण्यालाही कारण होते. लांब वायरीत वरचे सूर थोडे बोथट होतात, आणि दर वेळी वायर बदलली तर दोष पिकअपचा की वायरीचा हे सांगता येत नाही. अँप मात्र दुकानातलाच, पण सगळ्या गिटारींना तोच. त्यावर डिस्टॉर्शन (आवाज फाटवणारा परिणाम) नाही, रिव्हर्ब (घुमारा) नाही, बेस आणि ट्रेबल मध्यावर. विक्रेत्यांना डिस्टॉर्शन लावून गिटार हातात देण्याची हौस असते, पण त्या गदारोळात सगळेच पिकअप दणदणीत वाटतात.

प्रत्येक गिटार आधी वायर न जोडता वाजवली. दुकानातल्या तारांना पुष्कळ हात लागलेले असतात, काहींवर गंजही धरलेला असतो, आणि जी गिटार कोरडी वाजवतानाच मेलेली वाटते तिच्या पिकअपबद्दल मत बनवण्यात अर्थ नसतो. मग अँपवर तेच ते वाजवायचे: मोकळा ई कॉर्ड, तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटचा सूर, ब्रिजच्या, म्हणजे तारा धडावर टेकतात त्या टोकाच्या, पिकअपवर जाड तारांची एक साधी चाल, आणि शेवटी व्हॉल्यूम सहावर आणून पुन्हा तेच. फोनवर ध्वनिमुद्रण करून पाहिले, पण फोन आवाजाची पातळी आपणहून सारखी करतो, त्यामुळे कोणता पिकअप जोरकस हे त्यावरून कळत नाही. वहीत टिपणे लिहिणे अधिक उपयोगी पडले.

सर्वांत जास्त शिकवले ते यामाहाच्या पॅसिफिका 112व्ही या गिटारने. तिच्या ब्रिजला हंबकर, म्हणजे दोन कॉइलींचा पिकअप, असतो आणि टोनची कळ वर ओढली की त्याच्या दोन कॉइलींपैकी एकच चालू राहते. लाकूड तेच, तारा त्याच, अँप तोच, बदलते फक्त कॉइल. दोन वेगवेगळ्या गिटारींच्या तुलनेपेक्षा हा पुरावा मला कितीतरी भक्कम वाटला. हंबकरची रचना गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 साली केली ती घरघर घालवण्यासाठी: दोन कॉइल उलट वेढ्यांच्या आणि उलट ध्रुवांच्या असल्याने बाहेरून आलेली विजेची गुणगुण एकमेकींत विरते आणि तारेचा सूर मात्र बेरजेने वाढतो. पण दोन कॉइली तारेला दोन जागी ऐकतात, त्यामुळे काही वरचे सूर कटतात. कळ ओढल्यावर तो चकाकता काठ परत आला, आणि त्याबरोबर आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेची घरघरही आली. दुकानातल्या दिव्यांपासून तोंड फिरवून बसल्यावर ती निम्मी झाली.

मला तो काठ हवा होता, म्हणजे सिंगल कॉइल, एकाच कॉइलीचा पिकअप, ठरली. आता प्रश्न चुंबकाचा होता. माझ्या गिटारच्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली एक अशा लोखंडी खुंट्या आणि त्यांच्याखाली चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी होती. फेंडर प्लेअर स्ट्रॅटमध्ये खुंट्या स्वतःच अल्निको 5 (अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचा एक प्रकार) चुंबकाच्या होत्या. दोन्ही एकामागून एक वाजवल्यावर अल्निकोचा सूर सुरुवातीला मऊ आणि नंतर भरीव लागला, तर माझा ब्रिजचा सूर पातळ आणि टोचरा. नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेलगतचा, पिकअप गढूळ वाजतो ही माझी दुसरी तक्रार मात्र तिथेच निम्मी मिटली. शेवटचा फ्रेट दाबून जाड तार आणि खुंटी यांच्यात साधारण दोन मिलिमीटर अंतर राहील इतका पिकअप मी स्क्रू फिरवून खाली घेतला, तेव्हा गढूळपणा बराच निवळला. विकत घेण्याआधी हा फुकटचा उपाय प्रत्येकाने करून पाहावा.

अखेरीस अल्निको 5 चा तीन पिकअपचा संच घेतला. तो एकाच बनावटीचा घेण्याचे कारण मधला पिकअप: त्याचे वेढे आणि ध्रुव उलटे असले तरच पिकअप निवडण्याच्या स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या जागेवर, जिथे मधला पिकअप शेजारच्या पिकअपसोबत वाजतो, घरघर जाते. कॉइलीच्या रोधाचे आकडे, ज्यांवरून वेढ्यांचा अंदाज येतो, सहा किलोओहमच्या आसपासचे निवडले. वेढे वाढवले की जोर वाढतो, पण वरचे सूर दबतात, आणि ते दाबण्यासाठी तर मी खर्च करत नव्हतो. मागवण्याआधी खुंट्यांमधले अंतर आणि पोकळीची खोली पट्टीने मोजली. 250 किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या कळींखालचे बदलते रोधक) आणि डाखाची तार इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाली.

दुकानातून आणखी एक गोष्ट उचलली, जिला पैसे पडले नाहीत. प्लेअर स्ट्रॅटची दुसरी टोनची कळ ब्रिजच्या पिकअपवर चालते; माझ्या गिटारमध्ये ब्रिजला टोनच नव्हता. स्विचवर तारेचा एक छोटा तुकडा डाखून मीही तशी जोडणी केली, आणि ब्रिजवर वाजवताना ती कळ आता बहुधा सातवर असते.