गॅलरीतली चिठ्ठी

विधिमंडळाच्या कार्यवाहीत मंत्र्यांच्या नावापुढे जो मजकूर छापून येतो, त्यातला बराचसा माझ्यासारख्या कार्यासन अधिकाऱ्यांच्या टेबलावर तयार होतो. यात गुपित काही नाही. सदस्यांना ठाऊक असतं, पत्रकारांनाही. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, आला की ‘हे खरे आहे काय’च्या समोर ‘होय’, ‘नाही’ की ‘अंशतः खरे आहे’ हे आधी आम्ही लिहितो, मग फाईल उपसचिव, सचिव करत मंत्र्यांच्या सहीला जाते. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे आमचं सर्वांत लाडकं उत्तर. मंत्र्यांचं स्वतःचं म्हणून जे काही असतं ते उपप्रश्नांपासून सुरू होतं, कारण आमचा कागद तिथे संपतो. तिथेही आम्ही ‘संभाव्य उपप्रश्न व उत्तरे’ अशी पूरक टिपणी जोडतोच म्हणा. पण सदस्य कधी त्यातला उपप्रश्न विचारत नाहीत, हा माझा आजवरचा अनुभव.

सांगते आहे तो दिवस नागपूरच्या एका हिवाळी अधिवेशनातला. मी अजून नोकरीत आहे, त्यामुळे विभाग, मंत्री, तालुका यांची नावं लिहिणार नाही. वर्षातलं एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं हे 1953 च्या नागपूर करारात ठरलं. आमच्यासाठी त्याचा अर्थ म्हणजे डिसेंबरात फायलींचे गठ्ठे बांधून सिव्हिल लाइन्सला बिऱ्हाड हलवायचं, 160 खोल्यांच्या गाळ्यांत दोन ब्लँकेटं घेऊन झोपायचं आणि सकाळी तर्री पोहे खाऊन पळायचं. मला नागपूर आवडतं. मुंबईत लोकलच्या वेळा बघत फाईल बंद करावी लागते, इथे रात्री दोनला पण सगळे जागेच असतात.

लक्षवेधी, म्हणजे एखाद्या तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधून निवेदन मागणारी सदस्यांची सूचना, दुपारी हातात पडली. कोकणातल्या एका ज्येष्ठ सदस्यांची होती. एका वाडीला जोडणारा साकव मोडकळीला आल्याची, आणि शेवटी ठरलेलं शेपूट: ‘ग्रामस्थांमध्ये पसरलेले संतापाचे वातावरण, याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही व शासनाची प्रतिक्रिया.’ दुसऱ्या दिवशीच्या कामकाजात ती लागणार होती.

पहिले दोन तास नेहमीप्रमाणे ती आमच्याकडून घालवण्यात गेले. दुसऱ्या एका विभागाला पत्र पाठवलं की विषय आपल्याशी संबंधित आहे, लक्षवेधी स्वीकारावी. त्यांचं पत्र आमच्याकडे येतच होतं, तोच मजकूर उलट्या दिशेनं. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ चालढकलीचा प्रकार वाटतो. थोडा असतोही. पण साकवाच्या बाबतीत खरोखरच भानगड आहे. साकव म्हणजे वहाळावरचा, पऱ्यावरचा, थोडक्यात ओढ्यावरचा पायपूल. पूर्वी गावकरीच दर पावसाआधी माडाचे नाहीतर पोफळीचे सोट टाकून तो बांधायचे. मग कुठे जिल्हा परिषदेनं लोखंडी अँगल आणि फरशा घालून दिल्या, कुठे आमदार निधीतून झाला, कुठे डोंगरी विकास कार्यक्रमातून. ज्यानं बांधला त्यानं दुरुस्त करायचा असं कुठंच लिहिलेलं नाही. आणि ज्या पायवाटेवर तो आहे तिला ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत ती वाट नाहीच, आणि नोंदवहीत नाही तिच्या देखभालीला लेखाशीर्ष, म्हणजे खर्च टाकायचं खातं, कुठून आणणार? कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत लोखंड किती वर्षं टिकतं हे सांगायला नको.

पुलांविषयी सभागृह हळवं असतं, त्याला कारण आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी बसगाड्या गेल्या. मुंबईत पावसाळी अधिवेशन तेव्हा चालूच होतं. महामार्गावरचा नवा पूल पुढच्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर सुरू झालासुद्धा. राज्यभर जुन्या पुलांच्या तपासण्या झाल्या. साकव त्या धबडग्यात कुठे बसणार?

शेवटी लक्षवेधी आमच्याच गळ्यात पडली. जिल्ह्यातून माहिती मागवली, रात्री ती आली, आणि निवेदन तयार झालं: सदर साकव जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असून दुरुस्तीबाबत संबंधितांना कळविण्यात येत आहे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

सकाळी रविभवनातल्या कॉटेजवर ब्रिफिंग. आमचे मंत्री ऊसपट्ट्यातले, बोलायला कमी. पत्रकार गॅलरीत त्यांच्या भाषणाच्या वेळी चहाला उठायची पद्धत होती. निवेदन त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “साकव एवढा म्हणजे केवढा?”

सचिवांनी माझ्याकडे बघितलं, मी माझ्या सहायक कक्ष अधिकाऱ्यांकडे. ते मूळचे संगमेश्वरकडचे. त्यांनी दोन्ही हात पसरून रुंदी दाखवली. “एवढाच साहेब. समोरून बाईमाणूस डोक्यावर भारा घेऊन आलं तर आपण थांबायचं.”

“तुम्ही चाललाय?”

“दहावीपर्यंत रोज. पावसात वाडीतली मोठी पोरं मधे उभी राहायची, बारक्यांना हाताला धरून पलीकडे सोडायची. पाणी फरशीला लागलं की शाळेला सुट्टी.”

“आणि कुणी आजारी पडलं तर?”

“डोलीतनं न्यायचं. डोलीला दोन माणसं पुढं, दोन मागं. साकवावर दोघं शेजारी मावत नाहीत, मग पुढं एक, मागं एक.”

मंत्र्यांनी टिपणीच्या समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. मला वाटलं, भाषणात घालायला एखादा किस्सा मिळाला. मंत्री असे किस्से गोळा करत असतात.

सभागृहात अधिकाऱ्यांची गॅलरी ही बसायला मोठी अवघड जागा. तिथून सगळं दिसतं आणि बोलायचं काहीच नसतं. आपण लिहिलेलं वाक्य दुसरा माणूस उभा राहून म्हणतो, त्याच्यावर पडणारी झोड आपण बघत बसायचं. फार झालं तर चिठ्ठी लिहायची, सभागृहातल्या शिपायाच्या हाती द्यायची, आणि ती बाकापर्यंत पोचेपर्यंत उपप्रश्न बदललेला असतो. त्या दिवशी माझ्या शेजारी दुसऱ्या विभागाचे कार्यासन अधिकारी बसले होते, ज्यांच्याशी आदल्या दुपारी माझी पत्रापत्री झाली तेच. आम्ही एकमेकांना गोळ्या-बिस्किटं दिली. वैर कागदावर असतं.

निवेदन आधीच वितरित झालेलं. कोकणचे सदस्य उठले. आवाज मऊ, गोड बोलून कापणाऱ्यांपैकी.

“अध्यक्ष महोदय, निवेदनात म्हटलं आहे की साकव जिल्हा परिषदेचा. माझ्या हातात जिल्हा परिषदेचं पत्र आहे. त्यात म्हटलं आहे, साकव शासनाचा. माझं मंत्री महोदयांना एवढंच विचारणं आहे की पाऊस पडल्यावर माझ्या माणसांनी नेमकं कुणाच्या नावानं बोंब मारायची?”

हशा. मागून ‘राखून ठेवा, राखून ठेवा’ सुरू झालं. उत्तरानं समाधान झालं नाही की लक्षवेधी राखून ठेवण्याची मागणी होते, आणि अध्यक्षांनी ती मान्य केली तर विभागाची बऱ्यापैकी शोभा होते. सचिवांनी कपाळ चोळलं.

मंत्री उठले. फाईल बाकावर पालथी ठेवली. मला ते अजून दिसतं, कारण फाईल पालथी ठेवणारा मंत्री म्हणजे आमच्या पोटात गोळा.

“अध्यक्ष महोदय, साकव कुणाचा हे मलाही आज सकाळपर्यंत कळलेलं नाही. माझा विभाग म्हणतो आमचा नाही. माझ्या शेजारी बसलेत त्यांचा विभाग म्हणतो त्यांचा नाही. दोघंही नियमानं बरोबर असतील. पण मी इथं विभागाच्या वतीनं उभा नाही, सरकारच्या वतीनं उभा आहे.”

बोलताना आवाजही चढवला नव्हता. राज्यघटनेच्या 164 व्या अनुच्छेदात मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं असं म्हटलंय. परीक्षेला आम्ही सगळ्यांनीच ते पाठ केलेलं. नोकरीत मात्र विभाग हेच सरकार धरून चालायची सवय लागते. शेजारच्या अधिकाऱ्यांनी हळूच म्हटलं, “गेलो.” कोण गेलं, ते की मी, हे त्यांनी सांगितलं नाही.

मंत्री पुढे म्हणाले, “सदस्यांनी एका साकवाचं सांगितलं. असे या पट्ट्यात पुष्कळ आहेत, आणि ते—”

इथे सचिवांनी मला खुणावलं आणि हलक्या आवाजात मजकूर सांगितला. पूरक टिपणीचा कोपरा फाडून मी लिहिलं: ‘कालमर्यादा देऊ नये. तपासून उचित निर्णय घेऊ, असे म्हणावे.’ शिपाई घेऊन गेला. सचिवांचं काही चुकलं नव्हतं. सभागृहात ‘करू’ म्हटलं की ते आश्वासन होतं. विधानमंडळ सचिवालय कार्यवाहीतून ते वेचून काढतं, विभागाकडे पाठवतं, नव्वद दिवसांत पूर्तता अपेक्षित असते, आणि नाही झाली तर आश्वासन समितीपुढे साक्षीला मंत्री जात नाहीत, सचिव जातात.

मंत्र्यांनी चिठ्ठी घेतली, चष्मा लावला, वाचली. असल्या चिठ्ठ्या वाचून खिशात टाकायच्या असतात.

“अध्यक्ष महोदय, आत्ता मला चिठ्ठी आली आहे. म्हणतात तारीख देऊ नका, तपासून बघतो म्हणा.”

सभागृह उसळलं. विरोधी बाकांवरून कुणीतरी ओरडलं, “चिठ्ठी पटलावर ठेवा!” मी मान खाली घालून पदराचं टोक बघत बसले. अक्षर माझं होतं.

हसू ओसरेपर्यंत ते थांबले. “चिठ्ठी लिहिणाऱ्यांचंही खरं आहे. पैसे त्यांना उभे करायचे आहेत, मला नाही. म्हणून सगळ्या साकवांची तारीख मी देत नाही. दिली तर ती खोटी ठरेल. या एका साकवाची देतो, येता पाऊस सुरू व्हायच्या आधी. बाकीच्यांची यादी दोन्ही विभागांनी मिळून करायची आणि हे अधिवेशन संपायच्या आत माझ्यापुढे आणायची. आणि रुंदी इतकी धरायची, की डोली धरून दोन माणसं शेजारी शेजारी चालली पाहिजेत.”

कोकणचे सदस्य उठून “समाधान आहे” एवढंच म्हणाले. पुढची लक्षवेधी पुकारली गेली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत यातलं अक्षर नव्हतं. सगळी जागा एका मोर्चानं खाल्ली होती.

सभागृहात धडाधड घोषणा करणारे मंत्री मी खूप पाहिले आहेत. टाळ्या मिळतात, बातमी होते, आणि ती आश्वासनं प्रलंबितच्या यादीत वर्षानुवर्षं कुजतात. कागदाला चिकटून बसणारेही पाहिले. सचिवांची चिठ्ठी भर सभागृहात वाचून दाखवायची, आणि वर तिच्यातलं निम्मं ऐकायचंही, हे त्या एकदाच बघितलं. त्यांना वक्ता कुणी म्हणणार नाही. मी त्या दिवसापासून म्हणते.

बाहेर लॉबीत सचिव म्हणाले, “मॅडम, पुढच्या वेळी अक्षर जरा वाईट काढा.” संध्याकाळी कार्यवाहीची असुधारित प्रत आली. मजकूर जसाच्या तसा, मधे कंसात ‘हशा’. भाषेच्या दुरुस्त्या सुचवता येतात, आशय बदलता येत नाही. तरी चिठ्ठीचा उल्लेख सौम्य करता येईल का, असं मंत्र्यांच्या खासगी सचिवांनी विचारून पाहिलं. “हसले ना लोक? राहू द्या,” एवढंच उत्तर आलं.

यादीचं काम त्याच रात्री सुरू झालं, दोन्ही विभाग एका टेबलाशी. तहसीलदार, गटविकास अधिकारी, शाखा अभियंते, कुणालाच झोपू दिलं नाही. आमची यादी आणि त्यांची यादी शेजारी ठेवली तर काही साकव दोन्हीकडे, आणि सदस्यांनी सांगितलेला साकव दोन्हीकडे नाही. एक-दोन असेही निघाले जे कागदावर सुस्थितीत होते आणि प्रत्यक्षात कधीच वाहून गेले होते. माझे सहायक फोनवर गाववाल्यांशी त्यांच्या बोलीत बोलायला लागल्यावर माहिती भराभर येऊ लागली. तोपर्यंत ‘माहिती घेऊन कळवतो’ एवढंच येत होतं.

त्या एका साकवाला जिल्हा नियोजनमधून पैसे मिळाले. निविदेला पहिल्यांदा कुणी आलंच नाही, कारण तिथे ट्रक पोचत नाही आणि खडी-सिमेंट डोक्यावरून न्यावं लागतं. दुसऱ्यांदा एक स्थानिक माणूस आला. मृग निघाला तेव्हा तळ आणि स्लॅब झाले होते, कठडे व्हायचे होते. पावसाळी अधिवेशनात कोकणच्या सदस्यांनी लगेच विचारलं की कठड्याविना साकव पूर्ण धरायचा का. मंत्र्यांनी उभं राहून ‘नाही’ म्हटलं आणि खाली बसले. टिपणीत आम्ही ‘अंशतः पूर्तता’ लिहून दिलं होतं.

पूर्ततेचा अहवाल दोन्ही विभागांच्या सहीनं जायला हवा, असं आता ठरलं आहे. कठडे लागून बरेच महिने झाले. पंधरा दिवसांपूर्वी त्या शेजारच्या अधिकाऱ्यांचा फोन आला, “मॅडम, ते साकवाचं आश्वासन मूळ तुमच्याकडचंच ना? तुमच्याकडे वर्ग करतोय.”

“करा,” म्हटलं, “उद्या सकाळी परत मिळेल.”