सिंक्लाइन लूपची तयारी: नोंद तिसरी, तीन आठवडे बाकी

मागच्या नोंदीत फक्त ठिकाण पक्कं झाल्याचं लिहिलं होतं. आता वाट, पाणी आणि वेळ, तिन्हींचा हिशोब कागदावर उतरला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ठिकाण आहे युटामधलं कॅन्यनलँड्स नॅशनल पार्क. त्यातला 'आयलंड इन द स्काय' नावाचा पठारी भाग, आणि तिथल्या अपहीवल डोम नावाच्या खडकांच्या घुमटाला पूर्ण वळसा घालणारी पायवाट, सिंक्लाइन लूप. लांबी ८.३ मैल, म्हणजे साधारण साडेतेरा किलोमीटर. उंचीतला फरक १,३०० फूट, म्हणजे जेमतेम ४०० मीटर. पार्कने दिलेला वेळ ५ ते ७ तास. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतात. राजगड-तोरणा एका दिवसात केलेला माझा नवरा ते वाचून म्हणाला, "एवढंच?" पण पार्कच्या माहितीत पुढचंच वाक्य आहे की या पार्कमध्ये लोकांना सोडवून आणण्याच्या बहुतेक मोहिमा याच वाटेवर होतात. ते वाचल्यापासून मी आकड्यांकडे वेगळ्या नजरेने बघते आहे.

कारण ही वाट म्हणजे उलटा गड आहे. आपल्याकडे गाडी पायथ्याला लागते. पहाटेच्या गारव्यात चढ संपतो, वर टाक्याचं पाणी मिळतं, आणि दमलेले पाय घरी परतताना उतारावर असतात. इथे गाडी माथ्यावर लागते. ताज्या पायांनी उतरायचं, दुपारी सगळ्यात खालच्या कोरड्या नाल्यात पोचायचं, आणि पाणी संपत आलेलं असताना, दगड तापलेले असताना चढायला लागायचं. टाकं नाही, झरा नाही, वाटेत कुठेही भरवशाचं पाणी नाही. शिवाय ही लूप आहे. एकाच वाटेने जाऊन-येऊन असेल तर कुठूनही मागे फिरता येतं. लूपमध्ये अर्ध्यावर पोचलात की मागे जा नाहीतर पुढे जा, अंतर तेवढंच आणि चढही तेवढाच.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून लिहीत नाही. मागच्या वर्षी जूनमध्ये, दुसऱ्या एका कॅन्यनमध्ये, आम्ही दोघं फक्त "अजून थोडं पुढे" करत खाली उतरत गेलो. परत फिरलो तेव्हा दोघांत मिळून एक लिटर पाणी होतं. चढावर माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं, घाम येणं थांबलं. सुदैवाने एका कड्याची सावली मिळाली. तिथे दोन तास पडून राहिले, उन्हं कलल्यावर हळूहळू वर आलो. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक बेतात पहिली ओळ 'कुठून मागे फिरायचं' ही असते.

आता वाट. आम्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणार. सुरुवातीला पिन्यन पाइन आणि ज्युनिपरच्या खुरट्या झाडांतून पठारावरची चाल, मग पश्चिमेकडच्या भिंतीवरून नागमोडी वळणांचा तीव्र उतार. सकाळी ही भिंत सावलीत असते, हे दिशा निवडण्याचं मोठं कारण. खाली अपहीवल कॅन्यनचा कोरडा नाला लागतो. तिथून एक फाटा ग्रीन नदीकडे जातो, तो आम्हाला नको. दुसरा फाटा डोमच्या मध्यभागी जातो, जाऊन-येऊन ३ मैल. फाट्यांनंतर मोठमोठ्या दगडांच्या राशीतून चढ आहे. तिथे हात टेकावे लागतात, आपल्या भाषेत छोटे रॉक पॅच. तो संपला की सिंक्लाइन व्हॅलीतून वळसा घेत परत गाडीपाशी. वाटेच्या खुणा म्हणजे दगडावर दगड रचलेले छोटे ढीग. लोक हरवतात ते बहुतेक इथेच: पुढचा ढीग दिसत नाही, नाल्याची वाळू पायवाटेसारखी दिसते, आणि पाय आपोआप नाल्याने चालत राहतात. म्हणून आमच्यात नियम ठरला आहे. पुढचा ढीग दिसेपर्यंत मागच्या ढिगापाशी एकाने उभं राहायचं.

मधल्या फाट्याबद्दल मन मोकळं करते. माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं. शाळेच्या सहलीत लोणारच्या विवरात उतरून कमळजा देवीच्या देवळापर्यंत गेले होते, तेव्हा गुरुजींनी सांगितलं होतं की हा खड्डा आभाळातून पडलेल्या दगडाने झाला. लोणारबद्दलही आधी बराच काळ ज्वालामुखीचा तर्क होता. १९७३ साली तिथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि पारडं फिरलं. अपहीवल डोमचा वादही तसाच. इथे जमिनीखाली मिठाचे जाड थर आहेत. ते मीठ दाबाने वर सरकलं आणि त्याने खडक उचलले, असं एक मत. उल्का आदळली, हे दुसरं. २००८ मध्ये इथे आघाताने बदललेले क्वार्ट्झचे कण सापडल्याचं जाहीर झालं, आणि उल्केची बाजू भक्कम झाली.

दोन्हींत फरक आहे, आणि मला तोच बघायचा आहे. लोणारचा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद, त्याचा काठ अजून उभा आहे. अपहीवल डोमची रचना जवळपास ५ किलोमीटरची, पण वरचे थर केव्हाच झिजून गेले. आज दिसतं ते विवर नव्हे, विवराचं मूळ. मध्यभागी खडकांचे थर घुमटासारखे वर उचललेले, आणि त्याभोवती बांगडीसारखी गोल फिरणारी खोलगट घडी. भूगोलाच्या पुस्तकात तिला अभिनती म्हणतात. इंग्रजीतला शब्द सिंक्लाइन, म्हणून वाटेचं नाव. म्हणजे आपण दिवसभर त्या घडीतूनच चालणार. लोणारच्या काठाखाली काय असेल, ते इथे उघडं पडलेलं आहे. त्या मध्यभागी उभं राहायची माझी फार इच्छा आहे, आणि म्हणूनच तो फाटा माझ्यासाठी धोक्याचा आहे. तीन मैल वाढले की एकूण ११.३ मैल होतात, आणि ते वाढतात चढाच्या आधी.

त्यामुळे अटी आधीच लिहून चौघांनी मान्य केल्या. बेत ऑक्टोबरच्या मध्याचा. सूर्योदय साडेसातच्या सुमारास, सूर्यास्त पावणेसातच्या आत. उजाडताच निघायचं. नागमोडी उतार सुरू होण्याआधी थांबायचं आणि चार गोष्टी बघायच्या: प्रत्येकाचे गुडघे, प्रत्येकाचं पोट, पाणी, आभाळ. एकाचंही काही बिनसलं असेल तर चौघं तिथूनच परत. डोमच्या फाट्याला अकराच्या आत पोचलो आणि प्रत्येकाकडे किमान ३ लिटर पाणी असेल, तरच आत जायचं. निर्णय मी घ्यायचा नाही, कारण मला मोह आहे. तो मावसबहिणीकडे दिला आहे.

पाणी: पार्क माणशी दिवसाला साधारण ४ लिटर सांगतं. फाटा धरून आम्ही ५ लिटर घेणार. मागच्या शनिवारी सॉल्ट लेक सिटीजवळ मिलक्रीक कॅन्यनमधून ग्रँड्युअर पीकची वाट पूर्ण वजन घेऊन केली, आणि मी पाच तासांत पावणेतीन लिटर प्यायले, तेही हवा बरी असताना. एक बाटली लिंबू-मीठ-साखरेच्या सरबताची. नुसतं पाणी ढोसत राहणं बरं नाही, मीठही पोटात जायला हवं. खायला दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ. ठेचा आईच्या हाताचा असला तरी घरीच राहील, त्याने तहान वाढते.

सरावाची पद्धत या महिन्यात बदलली. आधी सकाळी उठून सरळ चढ करत होते. त्याने या वाटेची तयारी होत नाही, हे उशिरा लक्षात आलं. आता बॉनव्हिल शोअरलाइन ट्रेलवर दोन-अडीच तास सपाट चालते, आणि ऊन चढल्यावर, पाय जड झाल्यावर मग चढाला लागते. पहिल्या दिवशी वेग निम्म्यावर आला. चौथ्या वेळी तोच चढ एकदाच थांबून झाला. उतारासाठी घसाऱ्यावर छोटी पावलं टाकायचा सराव चालू आहे, उजवा गुडघा अजून कुरकुरतो.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं: दिवसभराच्या चालीला परवाना लागत नाही, मुक्कामाला लागतो. पायवाटेबाहेरच्या काळपट, खडबडीत मातीवर पाय ठेवू नका. ती सूक्ष्मजीवांनी विणलेली जिवंत साय आहे, एका पावलाने मोडते आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. उन्हाळ्यात ही वाट धरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये वर वीज आणि खाली नाल्यात अचानक लोंढा, असं दोन्हीकडून संकट असतं. ऑक्टोबरमध्येही आम्ही आदल्या रात्री जवळच्या मोआब गावात हवामान बघूनच ठरवणार. खाली फोनच्या रेंजवर विसंबून राहता येत नाही, म्हणून नकाशा कागदावर आणि फोनमध्ये दोन्हीकडे, शिवाय उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र.

राहिलेली कामं: नवऱ्याचे बूट. तळवा झिजलाय, नवे घेऊन किमान ३० मैल चालवायला हवेत, म्हणजे खरेदी याच आठवड्यात. यंत्राची चाचणी बाकी आहे. येत्या शनिवारी चौघं मिळून पाच-पाच लिटर पाठीवर घेऊन अकरा मैल चालणार, ढिगापाशी थांबण्याच्या नियमासकट. गुडघा त्यात टिकला नाही, तर फाट्याचा प्रश्नच उरत नाही. कळवते.