शिंगं फुटलेली हरिणी

लंडनमधल्या एका छोट्या लिलावगृहात मी प्राचीन नाण्यांच्या नोंदी करते. नाणं तोलायचं, कुणाचं, कुठल्या टांकसाळीचं, कधी पाडलेलं ते ठरवायचं आणि सूचीसाठी चार ओळी लिहायच्या. सांगताना भारी वाटतं, पण बराचसा वेळ पालेभाजी निवडल्यासारखा जातो.

त्या दिवशी सकाळी आलेले गृहस्थ जनावरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. वेल्सच्या सीमेलगत कुठेतरी त्यांनी जन्मभर गायी-मेंढ्यांची बाळंतपणं केली. पंजा एवढा मोठा की त्यात नाणं हरवून जावं. सोबत एक चपटी लाकडी पेटी, आत बासष्ट रोमन नाणी. सगळ्यांवर एकेक जनावर. विकायला काढलेली.

संग्राहक एरवी नाणी सम्राटांच्या क्रमाने लावतात. यांनी जातीनुसार लावली होती. वरच्या ओळीत गुरं, खाली मांजरकुळ, त्याखाली खूरवाले. शेवटच्या ओळीत नरतुरंग, गरुडमुखी ग्रिफिन, पंखांचा घोडा आणि माशाच्या शेपटीचा घोडा. त्या ओळीवर चिठ्ठी होती, ‘कॉलेजात शिकवले नाहीत.’

प्रत्येक नाण्याखाली पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर पेन्सिलीने रोगनिदान. डोमिशियन सम्राटाच्या चिमुकल्या तांब्याच्या नाण्यावरच्या गेंड्याखाली, ‘शिंगं दोन, म्हणजे आफ्रिकेतला. अंगात राग.’ (आपला आसामचा एकशिंगी, हे मी सांगितल्यावर त्यांनी लगेच खिशातून पेन्सिल काढून तेही लिहून घेतलं.) ओटासिलिया राणीच्या नाण्यावर पाणघोडा असतो. त्याच्याखाली, ‘वजन जास्त. तक्रार नाही.’

या पाणघोड्याची कथा मला फार आवडते. २४८ साली रोम शहराला हजार वर्षं झाली म्हणून फिलिप बादशहाने मोठा उत्सव केला आणि त्यात दाखवलेली जनावरं नाण्यांवर आणली. सिंह, लांडगीण, हरणं, बोकड. पाणघोडा त्याच्या राणीच्या, ओटासिलियाच्या वाट्याला. एका जुन्या रोमन चरित्रग्रंथात यादी आहे की बत्तीस हत्ती, सहा पाणघोडे, दहा जिराफ, एक गेंडा अशी जनावरं आधीच्या तिसऱ्या गॉर्डियनने इराणवरच्या विजयासाठी जमवली होती. तो ग्रंथ थापाडा म्हणून प्रसिद्ध आहे, पण पाणघोडा तर नाण्यावर आहे.

डॉक्टरांना तासाभरात मोकळं करायचं होतं, आम्ही दोन तास बोलत बसलो. मी कोल्हापूरची. काकांच्या गोठ्यात आठ म्हशी, त्यामुळे सूर्यदेवाचा बैल बघून मी ‘हा मागच्या पायाने अधू वाटतो’ म्हणाले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड उलटं करून दाखवलं. तेच लिहिलं होतं. समुद्रदेव नेपच्यूनचा जलअश्व आला तेव्हा मी त्यांना आमच्या टाउन हॉल म्युझियममधली पोसायडनची, म्हणजे त्याच देवाच्या ग्रीक रूपाची, छोटी कांस्यमूर्ती सांगितली. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली, भूमध्य समुद्राकडून पंचगंगेच्या काठी आलेली. ते म्हणाले, ‘म्हणजे देव तुमच्याकडे आणि घोडा माझ्याकडे.’ मग कागदपत्रांवर सही करायला चार वाजता येतो असं सांगून ब्रिटिश म्युझियममधली नाणी बघायला गेले.

आता मुख्य भाग. पेटीतली निम्मी नाणी गॅलिएनस सम्राटाची होती. त्याचा काळ म्हणजे चहूकडून आग. २६० साली बाप व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला, तो परत आलाच नाही. उत्तरेकडून टोळ्या, घरात बंडखोर, वर साथ. चांदी संपत आलेली, म्हणून नाणं जवळजवळ तांब्याचंच, वरून चांदीचा हात फिरवलेला. कल्हई उडालेलं पातेलं आठवा, तसं दिसतं. अशात २६७-२६८च्या सुमारास रोमच्या टांकसाळीने एक मालिका काढली. दर्शनी बाजूला किरणांचा मुकुट घातलेला सम्राट, मागे एकेका देवाचं जनावर आणि भोवती त्या देवाचं नाव, ‘सम्राटाच्या रक्षणकर्त्याला’ अशा अर्थाच्या अक्षरांसह. ज्युपिटरची शेळी, बाकसची वाघीण की चित्तीण (यावर डॉक्टरांचं स्वतंत्र मत होतं), अपोलोचा ग्रिफिन, डायनाची हरणं. उघड उघड नवस. २६८मध्ये मिलानजवळ त्याच्याच सरदारांनी त्याला मारलं.

डायनाच्या हरणांनी आमच्यासारख्यांचं डोकं खाल्लंय. सरळ शिंगांचा काळवीटवजा प्राणी, वळलेल्या शिंगांचा चिंकारावजा, फांद्यांच्या शिंगांचा नर, आणि बिनशिंगाची हरिणी. नाणं साधारण आपल्या रुपयाएवढं, छाप अर्धवट बसलेला, त्यात शिंग झिजलं की जात बदलली. अशा वेळी आधार असतो चित्राखालच्या अक्षराचा. टांकसाळीत बारा विभाग होते आणि विभागाची खूण म्हणून ग्रीक अक्षर किंवा रोमन आकडा घालत. मान वळवून मागे बघणारी हरिणी म्हटली की खाली एप्सिलॉन, म्हणजे पाच. फांद्यांची शिंगं असतील तर बहुधा फुली, म्हणजे दहा.

दुपारी एकच्या सुमारास माझ्या हातात जे नाणं आलं त्यावर मान वळवलेलं हरीण होतं, डोक्यावर फांद्यांची सुरेख शिंगं, आणि खाली एप्सिलॉन.

मी संदर्भग्रंथ काढले. नाही. जुन्या लिलावांच्या सूच्या पाहिल्या. नाही. चुकीच्या जोडीची नाणी या काळात निघतात. घाईत काम चाललेलं, एका विभागाचा साचा दुसऱ्याकडे जायचा. माझी खात्री पटली. सूचीच्या मसुद्यात मी ‘अप्रकाशित’ हा शब्द लिहिला, जो लिहायला आम्ही लोक वर्षानुवर्षं टपून असतो, आणि साहेबांना जाऊन सांगितलंही. साहेब खुर्चीतून उठले. ते सहसा उठत नाहीत.

साडेतीनला फोटोसाठी नाणी लावताना त्याच नाण्याखालचं कार्ड प्रथमच नीट वाचलं. ‘शिंगं चुकीच्या जागी, कानामागून. कारागिराने हरीण कधी पाहिलेलं नसावं.’

कानामागून? मी पुन्हा भिंग लावलं. खरंच की. हरणाची शिंगं डोळा आणि कान यांच्या मधून निघतात. इथे कान जसाच्या तसा आणि शिंग मागून, मानेवर चिकटवल्यासारखं. बाकी अंग मात्र बिनचूक. गुडघे, पोटाची ओळ, शेपटी, सगळं बघून काढलेलं. ज्याने हे पाय कोरले त्याला शिंग कुठे येतं ते माहीत नव्हतं?

सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. नाण्यावर शिंग उठून दिसायचं तर आजूबाजूचा धातू खोल जायला हवा. शिंगांच्या फांद्यांमधली जागा बाकीच्या पृष्ठभागापेक्षा खाली होती, आणि त्यात एका दिशेने ओढलेले बारीक ओरखडे. साच्याने असे ओरखडे उठत नाहीत, पटाशीने उठतात. कुणीतरी साध्या हरिणीच्या डोक्याभोवतीचा धातू खरवडून तिला शिंगं फोडली होती. हरिणी लंडनमधल्या दोघांच्या जेवणाच्या पैशात मिळते. अनोळखी शिंगवालं हरीण लिलावात चढतं.

पुरावा दोन तुकड्यांत समोर होता. माझ्याकडचं अक्षर सांगत होतं, ही मादी. त्यांच्याकडचं शरीरशास्त्र सांगत होतं, हे शिंग तिथलं नाही. दोघांनीही दोष त्या रोमन कारागिरावर टाकून दिला होता. त्यांचं एक ठीक, ते काही या धंद्यातले नव्हते. माझं काय?

चारला डॉक्टर आले. मी साहेबांना आधी सांगावं की त्यांना, यात पाच मिनिटं गेली. मग सरळ त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि काही बोलले नाही. ते बराच वेळ बघत राहिले.

‘अजून एक चाचणी आहे,’ मी म्हणाले, ‘पण नाणं तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तर.’

‘करा. नाही, थांबा, मीच करतो.’

त्यांनी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवला आणि त्या एवढ्या मोठ्या बोटांनी, वासराचा डोळा पुसावा तसा शिंगांवरून फिरवला. दोनदा. बोळा तपकिरी झाला. शतकांचा पापुद्रा ॲसिटोनने निघत नाही, रंग निघतो. खाली ताजं, लालसर तांबं चमकलं.

मी माफी मागितली. ‘अप्रकाशित’ लिहिल्याचंही कबूल केलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. विचारलं एवढंच, की अशी शिंगं कोरायला किती वेळ लागत असेल. मी म्हटलं, सराईत हाताला एक संध्याकाळ. ‘टाके बरे घातलेत,’ ते म्हणाले. कुणाकडून घेतलं होतं ते त्यांना आठवत होतं. तो विक्रेता आता हयात नाही.

एकसष्ट नाण्यांच्या कागदावर त्यांनी सही केली. बासष्टावं परत घेऊन जातो म्हणाले. साहेब तोवर दारात येऊन उभे होते. मी मान हलवली, तसे न बोलता मागे फिरले.

डॉक्टरांनी कार्ड पुढ्यात घेतलं. ‘शिंगं चुकीच्या जागी’ तसंच ठेवलं. ‘कारागिराने हरीण कधी पाहिलेलं नसावं’ ही ओळ खोडरबराने घासघासून पुसली, पुठ्ठ्याची लव निघेपर्यंत.

‘साडेसतराशे वर्षांपूर्वीच्या माणसावर उगाच आळ घेतला,’ ते म्हणाले. मग त्या जागी लिहिलं, ‘मादी. प्रकृती उत्तम.’